पाण्याची वाट, कागदाची वाट

सोमवार, २० मार्च २००६. जपानच्या तोचिगी प्रांतातल्या डोंगरांत, वातारासे नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. हवेत अजून गारठा आहे. काल रात्री बारापर्यंत आशिओ हे स्वतंत्र नगर होतं. त्याचा स्वतःचा नगराध्यक्ष होता, सभागृह होतं, अंदाजपत्रक होतं. आज सकाळी ते निक्को शहराचा एक भाग आहे. जी नगरपालिका होती ती आता शाखा कचेरी झाली आहे आणि मुख्य कचेरी डोंगरापलीकडे इमाइचीत आहे. निक्को आणि इमाइची ही दोन शहरं, आशिओ आणि फुजिहारा ही दोन नगरं आणि कुरियामा हे खेडं, अशी पाच ठिकाणं मिळून नवं निक्को झालं आहे. त्याचं क्षेत्रफळ १,४४९ चौरस किलोमीटर, म्हणजे जपानमधल्या शहरांत तिसऱ्या क्रमांकाचं.

हे एकट्या आशिओचं नाही. १९९९ मध्ये जपानमध्ये ३,२३२ शहरं, नगरं आणि खेडी होती. मार्च २०१० पर्यंत ती १,७२७ वर येतील. तरुण माणसं शहरांकडे गेली, मागे राहिलेली म्हातारी झाली, करांचा पैसा आटला. एकत्र येणाऱ्यांना सरकारने खास कर्जरोखे काढायची मुभा दिली आणि त्यांच्या परतफेडीतला मोठा वाटा स्वतः उचलायचं कबूल केलं. त्या सवलतींची मुदत ३१ मार्च २००६ ला संपते. आशिओ अकरा दिवस आधी विलीन झालं. लोकवस्ती तीन हजारांच्या थोडी वर, जमीन १८५ चौरस किलोमीटर आणि तीही बहुतेक उभे डोंगर. एवढ्या प्रदेशातले रस्ते, पूल, शाळा, दवाखाना इतक्या थोड्या माणसांच्या करातून चालवायचे कसे, हा प्रश्न खरा होता. त्या निर्णयाला मी दोष देणार नाही. गावाचं नावही पुसलं गेलेलं नाही. पत्त्यातला जुना जिल्हा गेला आणि त्या जागी निक्को शहर आलं, पुढे आशिओ तसंच राहिलं.

पण जरा आजूबाजूला पाहा. निक्कोकडे जाणारा रस्ता २,७६५ मीटर लांबीच्या बोगद्यातून जातो आणि तो बोगदा १९७८ मध्ये खुला झाला. त्याआधी होसोओची खिंड चढून उतरावी लागे. बाकी सगळं उलट्या दिशेला उतरतं. नदी नैऋत्येला गुन्मा प्रांतात जाते, किर्यू आणि आशिकागा या गावांवरून मैदानात शिरते आणि पुढे तोने नदीला मिळते. रेल्वेही नदीच्या कडेकडेने किर्यूलाच जाते, ४४ किलोमीटर. कागदाने हे गाव डोंगरापलीकडच्या शहराला जोडलं आहे. पाण्याने ते केव्हाच खालच्या गावांशी जोडलेलं आहे, आणि त्या नात्याची किंमत त्या गावांनी मोजली आहे. ती पाहायला तुम्हाला मागे जावं लागेल.

त्सूदो स्थानकाजवळ खाणीचं तोंड आहे. १९८० पासून पर्यटकांना छोट्या गाडीतून आत नेतात. बसा त्या गाडीत. बाहेरचा उजेड मागे पडतो, अंगावर गार, ओलसर हवा येते, छतातून पाणी ठिबकतं. या डोंगराच्या पोटात माणसांनी खणलेल्या वाटांची एकूण लांबी १,२३४ किलोमीटर भरते. एवढ्या वाटांतून कुठल्याही वर्षात बाहेर पडता येईल.

१६१० मध्ये डोकवा. डोंगर दाट झाडीने भरलेला आहे. बिझेन प्रांताहून आलेल्या दोन शेतकऱ्यांना इथे तांब्याची शीर सापडली आहे, म्हणून शिखराचं नाव बिझेनतातेयामा. लवकरच खाण तोकुगावा शोगुनांच्या ताब्यात जाईल. निक्कोला त्या घराण्यातले पहिले शोगुन तोकुगावा इएयासु यांचं देवस्थान उभं राहील, आणि इथलं तांबं तिथल्या छपरांसाठी जाईल. एदोच्या, म्हणजे आजच्या तोकियोच्या, किल्ल्यालाही जाईल, नागासाकीच्या बंदरातून डचांच्या जहाजांवरही चढेल. १७४२ पासून इथे नाणी पाडली जातील आणि त्यांच्या पाठीवर आशिओच्या नावातलं पहिलं अक्षर असेल. निक्को आणि आशिओ यांचं जुनं नातं विचाराल तर ते हे आहे. त्या देवळाची छपरं पाहायला आज जगभरातून माणसं येतात. तांबं कुठून आलं हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढच्या दोनशे वर्षांत फार थांबू नका. खाण आटत गेली, शोगुनांच्या एदो काळाच्या शेवटी ती जवळजवळ मेली होती.

१८७७ ला उतरा. फुरुकावा इचिबेई नावाचा व्यापारी ही खाण विकत घेतो आहे. सगळे त्याला सांगताहेत की यात काही उरलेलं नाही. चार वर्षं पैसा नुसता दगडात जातो. १८८१ मध्ये घबाड लागतं, १८८४ मध्ये त्याहून मोठं. त्या क्षणापासून आशिओ देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण होते. जपानच्या एकूण तांब्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग या एका दरीतून निघू लागतो. तांबं म्हणजे त्या जपानला परदेशी चलन, जहाजं, तोफा. १८९० मध्ये इथे जलविद्युत केंद्र सुरू होतं. त्याच सुमाराला जर्मनीहून आलेला लोखंडी पूल नदीवर बसतो. तो पूल अजून उभा आहे, हात लावून पाहता येतो. होसोओच्या खिंडीवरून तारेवरचे पाळणे सामान वाहू लागतात. हे सगळं पाहून कौतुक वाटतं, आणि ते वाटू द्या. हे करणारी माणसं अडाणी किंवा दुष्ट नव्हती. ती झपाटलेली होती आणि त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं.

आता होन्झान या खाणीच्या दुसऱ्या भागाच्या बाजूने बाहेर या आणि दरीत वर बघा. भट्ट्यांमधून गंधकाचा पांढरट धूर खाली बसतो आहे. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. खनिजात गंधक भरपूर, आणि भाजताना तो हवेत जातो, सोबत आर्सेनिकही. खाणीतल्या आधारांसाठी आणि भट्टीच्या कोळशासाठी आधीच डोंगरावरचं लाकूड तोडलं गेलं आहे. उरलेल्या झाडांची पानं धुराने करपतात. १८८७ मध्ये वणवा लागला तेव्हा जे वाचलं होतं तेही गेलं. झाडं गेली की मुळं गेली, मुळं गेली की माती पावसाबरोबर निघाली, आणि खालून खडकाचा सांगाडा वर आला.

भट्टीच्या वरच्या अंगाला मात्सुगी नावाचं गाव आहे. तुती लावायची, रेशमाचे किडे पाळायचे, भाजीपाला पिकवायचा, असा त्याचा संसार. तुती वाळली तेव्हा किडे गेले. चारा विषारी झाला तेव्हा घोडे गेले. माणसं तरी काही वर्षं चिकटून राहिली. १९०२ मध्ये शेवटी गाव रिकामं झालं, आणि जमीन खाणीकडे गेली. पुढे त्या दरीत भट्टीतली काळी धातुमळी ओतून तिचे डोंगर केले गेले. आकाकुरा भागातल्या र्‍यूझोजी देवळात जा. मात्सुगीतून आणलेले समाधीचे दगड तिथे एकावर एक रचून मनोरा केलेला आहे. प्रत्येक दगडामागे कुणाचं तरी घराणं आहे.

दरीत खाली उतरलात की १९०७ चा फेब्रुवारी लागतो. या दरीत तेव्हा हजारो कामगार राहतात. लाकडी चाळी डोंगराच्या उतारावर एकीखाली एक लागलेल्या आहेत, दोन बिऱ्हाडांमध्ये एक पातळ भिंत. बिनलग्नाचे मजूर मुकादमाच्या खोपटात झोपतात. मुकादमच कामावर लावतो, मुकादमच मजुरी हातात देतो, आणि त्यातून जेवणाखाणाचे पैसे मुकादमच कापून घेतो. थाळीत परदेशातून आणलेला स्वस्त, सुटा तांदूळ, जपानी जिभेला न रुचणारा. नात्सुमे सोसेकी यांनी १९०८ मध्ये लिहिलेली ‘कोफु’ ही कादंबरी याच खाणीत घडते, आणि तो तांदूळ तिच्यातही आहे.

या माणसांजवळ स्वतःची अशी एक गोष्ट होती, ती नीट पाहून घ्या. तिचं नाव तोमोको. खाणीत नवा आलेला एखाद्या जुन्या खाणकामगाराला गुरू मानायचा. तीन वर्षं, तीन महिने आणि दहा दिवस शिकायचा. मग कायमचा भाऊबंद व्हायचा. गुरू वारला की चेल्यांनी त्याची समाधी बांधायची. दगडाची धूळ छातीत बसून जो आजार व्हायचा त्याला खाणीत ‘योरोके’ म्हणत. डॉक्टरांच्या भाषेत सिलिकोसिस. असा माणूस कामातून उठला की तोमोकोचे लोक त्याला एक वही द्यायचे. ती वही घेऊन तो या खाणीतून त्या खाणीत जायचा, आणि अनोळखी कामगार त्याला जेवू घालून, जमेल ते पैसे देऊन वहीत नोंद करायचे. कंपनीचा दवाखाना आणि सरकारचा कायदा यांच्या कितीतरी आधी या माणसांनी आपल्यासाठी हे उभं केलं होतं.

४ फेब्रुवारी. त्सूदोच्या खाणीत कामगार भूमिगत चौक्या फोडतात. मागणी मजुरीची आहे, चांगल्या तांदळाची आहे, आणि लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल वर्षानुवर्षं साठलेला संताप आहे. दोन दिवसांत आग होन्झानला पोचते, आणि तिथे खाणीचे प्रमुख मिनामी तेइझो यांना जमाव बेदम मारतो. हे मिनामी कोण, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दहा वर्षांपूर्वी, १८९७ मध्ये, खाणीने नदी घाण करू नये म्हणून सरकारने ३७ कलमांचा हुकूम काढला होता; तो पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या कचेरीचे ते मुख्य होते. नंतर तेच फुरुकावांच्या नोकरीत आले. ७ तारखेला ताकासाकीहून लष्कराची पलटण येते आणि दरी शांत होते. सहाशेहून अधिक माणसं पकडली जातात.

आता पाण्याबरोबर खाली चला. इथूनच आशिओची खरी हद्द सुरू होते, कारण खाणीतलं तांबं मिसळलेलं पाणी आणि उघड्या डोंगरांची माती दोन्ही याच वाटेने जातात. किर्यू, आशिकागा, सानो, तातेबायाशी. पूर्वी पूर आला की शेतकऱ्याला आनंद व्हायचा. पूर डोंगरातली पालापाचोळ्याची काळी माती शेतात आणून टाकायचा. १८९० चा पूर पाहा. पाणी ओसरल्यावर शेतात राखाडी चिखल राहिला आहे आणि त्यात भात पिवळा पडतो आहे. नदीतले मासे आधीच उताणे होऊन वाहत आले होते, मासेमारीवर जगणारी घरं बसली होती. १८९६ चा पूर त्याहून वाईट.

सानोजवळच्या कोनाका गावात, आपण गावचा पाटील म्हणू अशा घरात जन्मलेले तानाका शोझो १८९० च्या पहिल्याच निवडणुकीत संसदेत गेले आहेत. डिसेंबर १८९१ मध्ये ते उभे राहून विचारतात: घटनेने मालमत्तेचं रक्षण सांगितलं आहे, मग या शेतकऱ्यांचं काय? उत्तर ज्या खात्याने द्यायचं त्या शेती व व्यापार खात्याचे मंत्री आहेत मुत्सु मुनेमित्सु, आणि मुत्सुंचा दुसरा मुलगा फुरुकावा इचिबेई यांनी दत्तक घेतलेला आहे. उत्तर असं येतं की नुकसान आहे, कारण मात्र निश्चित नाही.

आठ वर्षं पुढे या. १२ फेब्रुवारी १९००, रात्र, उनर्‍यूजी देवळाचं आवार. देवळाची घंटा वाजते आहे आणि खालच्या गावांमधून माणसं येत आहेत, पाठीला शिदोरी बांधून. उद्या तोकियोला चालत जायचं, सरकारच्या दारात बसायचं. याआधीही ते असे गेले आहेत. तुम्ही त्यांच्यात मिसळा. हजारोंच्या गर्दीत कोणी तुम्हाला ओळखणार नाही. दुसऱ्या दिवशी कावामाताजवळ तोने नदी ओलांडण्याआधीच पोलीस आडवे येतात. लाठ्या चालतात, माणसं चिखलात पडतात, शंभरावर पकडली जातात. चार दिवसांनी तानाका संसदेत प्रश्न ठेवतात. देश बुडतो आहे हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यामुळेच तो बुडतो, असा त्याचा आशय. पंतप्रधान यामागाता यांचं उत्तर एका ओळीचं: प्रश्नाचा अर्थ कळत नाही, म्हणून उत्तर देत नाही. पुढे या शेतकऱ्यांच्या खटल्यात सरकारी वकिलाचं भाषण चालू असताना तानाकांनी मोठ्याने जांभई दिली. त्यासाठी त्यांना सुमारे चाळीस दिवस तुरुंगात राहावं लागलं, आणि तिथे त्यांनी बायबलचा नवा करार वाचायला घेतला.

१० डिसेंबर १९०१ ला तुम्ही तोकियोत हिबियाजवळ रस्त्याच्या कडेला उभे आहात. संसदेच्या उद्घाटनाहून सम्राट मेइजी परत चालले आहेत. घोडेस्वार, मग बग्गी. गर्दी वाकलेली आहे. एवढ्यात काळ्या कपड्यातला, साठीचा, दाढी वाढलेला एक माणूस हातात कागद उंच धरून बग्गीकडे धावतो. तानाका शोझो यांनी दीड महिन्यापूर्वी संसदेचा राजीनामा दिला आहे; आता ते फक्त प्रजाजन आहेत. एक घोडेस्वार त्यांना अडवायला घोडा वळवतो आणि घोड्यासकट पडतो. तानाका अडखळतात. पोलीस धरतात. बग्गी निघून जाते. सगळं मिनिटभरातलं. खटला भरला तर देशभर गाजेल, म्हणून त्यांना वेडा ठरवून लगेच सोडून देतात. पण वर्तमानपत्रांनी अर्ज अख्खा छापला आणि विद्यार्थ्यांच्या झुंडी उद्ध्वस्त गावं पाहायला निघाल्या. अर्जाचा मसुदा कोतोकु शूसुई या पत्रकाराने लिहिला होता. तानाकांना काही शब्द पटले नाहीत, त्यांनी जागोजाग दुरुस्त्या करून प्रत्येक ठिकाणी आपला शिक्का मारला. सम्राटाला द्यायच्या कागदावरही त्यांना ज्याची खात्री नव्हती ते चालू द्यायचं नव्हतं. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर त्या शिक्क्यांमुळे वाटतो.

तो कागद सानोला जपून ठेवला आहे. २१ मे २०१४ ला सम्राट अकिहितो सानोला आले आणि त्यांनी तो पाहिला. ११३ वर्षं लागली.

आणखी खाली, वातारासे जिथे दुसऱ्या नद्यांना मिळते तिथे यानाका आहे. आशिओचं विलीनीकरण समजून घ्यायला यानाकाला आल्याशिवाय चालणार नाही. पुराचं विषारी पाणी तोकियोच्या बाजूला जाऊ नये म्हणून सरकारला ते अडवायला एक मोठी सखल जागा हवी आहे, आणि तिथे साडेचारशेच्या आसपास घरांचं हे गाव वसलेलं आहे. १९०२ च्या पुरात बांध फुटला, तो नीट दुरुस्त झाला नाही. १९०४ मध्ये प्रांताच्या विधानमंडळाने रात्रीच्या गुप्त बैठकीत गाव विकत घेण्याचा ठराव केला. तानाका त्याच वर्षी आपलं घर सोडून यानाकात राहायला आले. एकेक घर पैसे घेऊन उठत गेलं. काही लोक पुढे होक्काइदोच्या थंडीत सारोमाला वसाहत करायला गेले. त्याआधीच, १ जुलै १९०६ ला यानाका हे गाव कागदावरून काढून टाकण्यात आलं: शेजारच्या फुजिओकात विलीन. तेव्हा गृहमंत्री होते हारा ताकाशी, आणि मंत्री होण्याआधी ते फुरुकावा खाण कंपनीचे उपाध्यक्ष होते.

विलीनीकरण हा शब्द इथे घर पाडायच्या आधीची तयारी म्हणून वापरला गेला. गावच नाही म्हटल्यावर गावकरी कुठले? १६ घरांनी मात्र उठायला नकार दिला. १९०७ चा जून संपता संपता पोलीस आणि मजूर येतात. तुम्ही बांधावर उभे राहा. पहिल्या दिवशी एक घर, दुसऱ्या दिवशी आणखी. घरातली माणसं देवघरातल्या पूर्वजांच्या पाट्या उराशी धरून बाहेर येतात, आणि मजूर छपराचं गवत उपसतात. जुलैच्या पाच तारखेपर्यंत सोळाही घरं जमीनदोस्त झाली. ती माणसं तरी गेली नाहीत. त्याच जागी झोपड्या बांधून कित्येक वर्षं राहिली.

फुजिओका नगरही पुढे २०१० मध्ये तोचिगी शहरात विलीन झालं. यानाका म्हणजे आता विलीन झालेल्या गावात विलीन झालेलं गाव. तिथे ३३ चौरस किलोमीटरचं जलाशय-क्षेत्र आहे, बोरूंचं रान आहे, पक्षी आहेत, २०१२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आहे. आतलं तळं आकाशातून हृदयाच्या आकाराचं दिसतं. तो आकार हौसेने दिलेला नाही. १९७० च्या दशकात तळं खणताना यानाकाच्या वंशजांनी गावाची स्मशानभूमी आणि देवळाची जागा बुडू दिली नाही, म्हणून काठ तिथे आत वळला.

तानाका ४ सप्टेंबर १९१३ ला गेले, एका शेतकऱ्याच्या घरी. सोबत एक कापडी पिशवी होती. तिच्यात नवा करार, राज्यघटना आणि मॅथ्यूचं शुभवर्तमान एकत्र शिवलेली वही, रोजनिशी, एका लेखाचा कच्चा मसुदा, थोडं नदीतलं शेवाळ आणि तीन खडे. नद्यांची पाहणी करत फिरण्यातच त्यांचा शेवटचा काळ गेला होता.

परत वर चढा. १९१६ मध्ये आशिओत ३८ हजारांहून जास्त लोक राहतात. तोचिगी प्रांतात उत्सुनोमिया सोडलं तर एवढी वस्ती कुठेच नाही. दरी माणसांनी ओसंडते आहे. पहिल्या महायुद्धाला तांबं हवं आहे, पैसा खेळतो आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबं पुन्हा हवं होतं, तेव्हा माणसं धरून आणली. कोरियातून शेकडोंनी आणली. चीनमधून आणलेल्या २५७ जणांपैकी १०९ इथेच मेले. कोताकीच्या वाटेवर त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तिथून जाताना पाय थांबले पाहिजेत.

युद्धानंतरची वर्षं एका दमात ओलांडता येतील. १९५५ मध्ये मात्सुगी, नितामोतो आणि कुझो या तीन ओढ्यांच्या संगमावर ३९ मीटर उंचीचा बांध पुरा झाला, तो पाणी साठवायला नव्हे तर उघड्या डोंगरांवरून येणारी माती अडवायला. १९५६ मध्ये फिनलंडची नवी भट्टी आली, गंधकाचा धूर धरून त्याचं आम्ल करू लागले, आणि सुमारे सत्तर वर्षांनी दरीतली हवा स्वच्छ झाली. १९५८ च्या मे महिन्यात गेन्गोरोसावा इथला खाणीच्या गाळाचा ढीग फुटला आणि गुन्मातल्या भातशेतीत पुन्हा विष गेलं. फेब्रुवारी १९७३ मध्ये खाण बंद झाली. पुढल्या वर्षी, मे १९७४ मध्ये, गुन्माच्या मोरिता भागातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारीवर तडजोड होऊन कंपनीने १५५ कोटी येन देणं कबूल केलं. १८९० चा पूर आठवा आणि वर्षं मोजा.

म्हणून २००६ च्या त्या सोमवारी विलीन झालं ते एक दमलेलं डोंगरी नगर. नवं निक्को त्याच्या रस्त्यांची काळजी घेईल, म्हाताऱ्यांची घेईल, हे योग्यच. पण आशिओची जी जबाबदारी खाली नदीकाठावर आहे ती दुसऱ्या प्रांतात आहे, दुसऱ्या शहरांत आहे, आणि ती कुठल्याच विलीनीकरणाच्या कागदात मावत नाही. ११ मार्च २०११ ला मोठा भूकंप झाला तेव्हा गेन्गोरोसावाचा तोच ढीग पुन्हा घसरला. नदीच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसं सापडलं, तेही खालच्या अंगाला. खाणीतून आजही पाणी पाझरतं, आणि ते आजही नाकासाईच्या शुद्धीकरण केंद्रात चुना घालून साफ करावं लागतं. निथळलेला गाळ त्सूदोच्या वरच्या दरीत, सुनोकोबाशीच्या तळ्यात साठवतात. पन्नास वर्षांपूर्वी बंद झालेल्या खाणीत रोज कुणीतरी कामावर जातं.

नकाशावरच्या रेषेपलीकडे जाऊन हे नातं ज्यांनी मान्य केलं, त्यांना भेटूनच निघा. १९९६ मध्ये आशिओतली आणि नदीच्या खालच्या गावांतली माणसं एकत्र आली आणि त्यांनी डोंगरावर झाडं लावायला संस्था काढली. ज्यांच्या पणजोबांच्या शेतात राखाडी चिखल आला होता ती माणसं, आणि ज्यांच्या आजोबांनी तो खडक फोडला ती माणसं. दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा लागवडीचा दिवस असतो. शाळांच्या सहलीही इथे येऊन रोपं लावतात. तुम्ही आलात तर मातोपर्यंत रेल्वेने या, तिथे रूळ संपतो. पुढे चालत बांधापर्यंत जा. उतार इतका उभा आहे की रोप घेऊन पायऱ्यांनी चढावं लागतं, आणि खडकावर माती नसल्याने तीही खालून न्यावी लागते. खड्डा करा, माती घाला, रोप लावा आणि हरणं खाऊ नयेत म्हणून कुंपणाची जाळी परत नीट बांधून घ्या.